चौथ्या देवदूताच्या मुठीतली रेघ

दुपारी सव्वातीनच्या सुमारास कार्यशाळेच्या लांब टेबलावर पडलेला काचेचा देवदूत उठून बसला.

त्या वेळी तिथे एकच माणूस होतं: बारा वर्षांची एक मुलगी. घरी तिला सगळे चुळबुळी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. जेवताना तिचा पाय हले, अभ्यास करताना पेन्सिल हले, आणि चर्चमध्ये सगळे डोळे मिटून उभे असताना हिची मान कोण आलंय, कोण नाही ते बघत गरागरा फिरून येई. आत्ता मात्र ती हलत नव्हती. हातात ओला कापूस होता आणि तोंड उघडं.

देवदूत उठला तसे काचेतले रंगही त्याच्याबरोबर उठले. निळा झगा, मधाच्या रंगाचे पंख, करारी चेहरा, सगळं काचेतून निघून उभं राहिलं. टेबलावर उरली ती बिनरंगाची काच आणि शिशाच्या पट्ट्यांची जाळी. त्याचं डोकं छताच्या तुळईला टेकलं, तेव्हा त्याने मान वाकवली.

“भिऊ नकोस,” तो म्हणाला.

“मी नाही घाबरले.”

“तरी म्हणावं लागतं. आमचं पहिलं वाक्य तेच असतं.” मग त्याने उजवी मूठ तिच्यापुढे धरली आणि उघडली. मूठ रिकामी होती. “माझी दोरी कुठे आहे?”

“कुठली दोरी?”

“जिने मी वारा धरतो ती.”

बाहेर कुठेतरी एक पत्रा धाडकन आपटला.

इथे थोडं मागे जायला हवं. गावातल्या चर्चमध्ये वेदीच्या मागे एक मोठी रंगीत खिडकी आहे. तिच्या चार कोपऱ्यांत चार देवदूत आहेत. शास्त्रात लिहिलंय तसे ते पृथ्वीचे चार वारे धरून उभे आहेत, जमिनीला, समुद्राला आणि झाडांना इजा होऊ नये म्हणून. चुळबुळीची आई अशा रंगीत काचांचं काम करते. जुनं शिसं मऊ पडून ती खिडकी मधोमध फुगली होती. म्हणून एकेक तावदान उतरवून कार्यशाळेत आणायचं, तुकडे सुटे करून धुवायचे, नव्या शिशात बसवायचे आणि परत नेऊन लावायचे, असं काम गेले काही आठवडे चाललं होतं. तीन देवदूत झाले होते. तिसऱ्याला जागेवर बसवायला आई जेवण होताच चर्चमध्ये गेली होती. चौथ्याचा फक्त उजव्या हाताचा तुकडा धुवायचा राहिला होता, आणि तेवढं काम तिने लेकीवर सोपवलं होतं.

“फक्त हात. दुसऱ्या कशाला बोट लावायचं नाही,” आईने दारातून बजावलं होतं. “आणि आधी काय करायचं?”

“कोपऱ्यात ओला कापूस टेकवायचा, थांबायचं, मग कापूस दिव्याखाली बघायचा.”

“कशासाठी?”

“काळं आलं तर मळ, तपकिरी आलं तर रंग. माहितीये गं आई, जा ना तू!”

माहीत तिला खरंच होतं. काचेवरच्या रेघा भट्टीत भाजल्या की काचेशी एकजीव होतात, मग कितीही घासा, जात नाहीत. पण मागे कधीतरी डागडुजी करणाऱ्या एखाद्या घाईच्या माणसाने गोंदात रंग कालवून नुसतीच रेघ ओढलेली असते. ती न भाजलेली रेघ दिसते थेट काजळीसारखी आणि ओल्या कापसाने दोन हातांत निघून जाते. म्हणून तो कापसाचा दंडक. त्या दंडकातलं ‘थांबायचं’ तेवढं चुळबुळीच्या अंगात नव्हतं. हाताच्या तुकड्यावर, मुठीतून बाहेर गेलेला एक मळकट ओघळ तिला दिसला. तिने तो पुसला. काच लख्ख झाली. स्वतःवर खूश होऊन तिने हात जागेवर बसवला, शिशाच्या कडा चेपल्या, आणि देवदूत उठून बसला.

आता तिने कचऱ्याच्या डब्यातून कापसाचे बोळे काढून दिव्याखाली धरले. तपकिरी. सगळेच्या सगळे.

“अरे देवा,” ती म्हणाली.

“त्याचं नाव असं वाटेल तसं घेऊ नये.”

“सॉरी. पण तुमची दोरी... मी पुसली.”

“हं.” तो रागावला नव्हता, पण उभ्या उभ्या एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होता. “पहिली दोरी भक्कम होती. मग तो हात फुटला. नवा हात करणाऱ्याने दोरी अशीच गोंदावर ओढली. त्याला जेवायला जायचं होतं. तेव्हापासून मी ती फार जपून धरत होतो.”

“म्हणजे वारा आता सुटलाय?”

“सुटलाय.”

“कितपत?”

“वारा अर्धामुर्धा सुटत नाही.”

समोरच्या इस्त्रीवाल्याचे शर्ट एकामागून एक खिडकीवरून उडत गेले, बाह्या पसरून. चुळबुळीला आधी हसू आलं. मग तिला दादा आठवला.

तिचा दादा नदीवरच्या लांब पुलाला रंग द्यायच्या कामावर होता. पुलाच्या पोटाखाली दोरखंडांवर टांगलेली एक फळी असते, तिला ते लोक पाळणा म्हणतात. त्या पाळण्यात उभं राहून रंग द्यायचा. संध्याकाळी तो पापण्यांवर राखाडी रंग घेऊन घरी येई आणि म्हणे, “पुलाचा मेकअप करणं सोपं नसतं बाई, तो मेला सारखा घाम गाळतो.” सकाळी निघताना त्याने सांगितलं होतं की आज मधल्या कमानीखाली आहे, सगळ्यांत उंच जागी. कामावर असताना सगळ्यांचे फोन मुकादमाच्या पेटीत. आणि आईचा फोन, नेहमीप्रमाणे, इथेच टेबलावर विसरलेला.

“माझा भाऊ पुलाखाली लटकतोय,” ती म्हणाली. “तुम्ही आधी तिकडे जा. त्याला वर काढा. वाऱ्याचं नंतर बघू.”

“मला तिकडे पाठवलेलं नाही.”

“म्हणजे?”

“मला वारा धरायला ठेवलंय. आम्ही आमच्या मनाने कुठे जात नाही. पाठवतो तो पाठवतो.”

“मग विचारा की त्याला!”

“तू विचार. लेकराचा आवाज लवकर पोचतो.”

चुळबुळीने हात जोडले, सोडले, परत जोडले. चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनांतलं एकही वाक्य तिला आठवेना. “प्रभू येशू,” ती म्हणाली, “चूक माझी आहे, दादाची नाही. तो पुलाखाली आहे. कोणाला तरी पाठव. लगेच. आमेन.” तिने एक डोळा उघडला. “काय म्हणाला?”

“मला तरी काही सांगितलेलं नाही,” देवदूत म्हणाला.

तिला त्याचा असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण रडत बसायला वेळ कुठे होता? तिने फडताळातून गोंद काढला, तपकिरी पूड कालवली, बारीक कुंचला घेतला. “झोपा परत. मी काढते दोरी.”

तो आडवा झाला. रंग काचेत परतले. तिने मुठीपासून कडेपर्यंत एक रेघ ओढली, आणि रस्त्यावरचा गोंगाट पंख्याचं बटण बंद केल्यासारखा थांबला. तिने श्वास सोडला. तेवढ्यात ती ओली रेघ थरथरली, मध्येच फुगली आणि मनगटावरून ओघळून गेली. बाहेर पुन्हा घोंगावणं सुरू झालं, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. देवदूत उठून बसला. त्याच्या झग्याच्या बाहीवर तपकिरी डाग पडला होता.

“भाजायला हवी,” तो म्हणाला.

“भट्टी तापून निवायला उद्या उजाडेल.” तिने कुंचला फेकला. “आईकडे चला.”

दारापर्यंत तो नीट आला. दारात अडकला. पंख मिटायचे असतात हे त्याला सांगावं लागलं. पुढे तीन पायऱ्या होत्या, तर त्यांच्याकडे तो खड्ड्याकडे बघावं तसा बघत राहिला.

“काय झालं?”

“मी कायम एका कोपऱ्यात उभा असतो. हे कसं करतात?”

“एक पाय खाली, मग दुसरा. अहो, चला ना!”

रस्ता ओळखू येत नव्हता. वारा सगळीकडे होता आणि कुठेच थांबत नव्हता. न्हाव्याच्या दुकानातला टॉवेल त्याने उचलला आणि तारेवर टाकला. चप्पलवाल्याच्या खोक्यांची चळत उलथवून एकेक झाकण उघडून पाहिलं. शाळेच्या फाटकाला हलवून हलवून ते निखळवलं आणि तसंच सोडून पुढे गेला. काहीतरी हरवलंय आणि काय ते आठवत नाहीये, असं त्याचं चाललं होतं. चुळबुळीला तो ओळखीचा वाटला. इतकी वर्षं एका जागी धरून ठेवल्यावर तिनेही हेच केलं असतं.

कोपऱ्यावर देवदूताने त्याला दोन्ही हातांनी पकडायचा प्रयत्न केला. क्षणभर जमलं. त्याच्या मिठीत धूळ, पानं आणि कोणाची तरी छत्री गरगर फिरताना दिसली. मग वारा त्याच्या बगलेतून निसटला, त्याला औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर आपटून नदीच्या दिशेने गेला.

“रिकाम्या हातांनी होणार नाही,” देवदूत उठत म्हणाला. “ये, पाठीवर बस.”

“तुम्हाला उडता येतं?”

“येत असावं. पंख आहेत.”

उडणं म्हणावं असं ते नव्हतं. घराच्या गच्चीवर एक उडी, पाण्याच्या टाकीवर दुसरी, मध्ये एका वाळत घातलेल्या चादरीत गुरफटून तिसरी. चौथ्या उडीला ते चर्चच्या आवारात उतरले, म्हणजे पडले.

आत खिडकीच्या भोकातून वारा सरळ वेदीवर येत होता. गाण्यांची पुस्तकं बाकांखाली फडफडत होती. खिडकीला लावलेल्या लाकडी परांचीचा पाया पाळकसाहेबांनी मिठीत धरला होता. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते, प्रार्थनेमुळे की धुळीमुळे ते सांगता येत नाही. वर, परांचीच्या टोकाला, आई उभी होती. तिसऱ्या देवदूताचं तावदान अजून पक्कं झालेलं नव्हतं आणि ते आत पडू नये म्हणून तिने त्याला खांदा लावला होता. दोन्ही पाय फळीत रोवलेले, मान वाकडी, चेहरा लाल.

“आई!”

“तू इथे कशाला आलीस? घरी जा! दार लाव!” मग तिला लेकीच्या मागचा उंच निळा आकार दिसला. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मानेकडे पाहिलं, उजव्या मुठीकडे पाहिलं. देवदूत बघून माणूस काय म्हणेल ते सांगता येत नाही. आई म्हणाली, “दोरी कुठे गेली रे तुझी?”

“मी पुसली,” चुळबुळी खालून ओरडली. “थांबले नाही मी. कापूस बघितलाच नाही.”

“गाढवे!” एवढंच आई म्हणाली. कारण तिला खिडकीच्या भोकातून जे दिसत होतं ते खालून कोणाला दिसत नव्हतं. चुळबुळी भराभरा परांची चढून वर गेली आणि तिलाही दिसलं. घरांच्या छपरांपलीकडे नदी पांढरी झाली होती. पुलाच्या मधल्या कमानीखाली पाळणा घड्याळाच्या लंबकासारखा झोके घेत होता. त्याचं एक टोक खाली लोंबत होतं. त्यावर नारिंगी जाकीट घातलेलं काहीतरी होतं, टिकलीएवढं.

“तो धरून आहे,” आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. “मघापासून बघतेय. धरून आहे.”

“आई, तू चल. तूच काहीतरी कर.”

“मी हललेच तर हे तावदान पडतं. तिसरा वाराही सुटेल. मग पूलच राहायचा नाही.” तिने ओठ चावले. ती विचार करताना चावते तसे. “रंग चालणार नाही. शिसं चालेल. नीट ऐक. हाताचा तुकडा बाहेर काढ. मुठीतून आरपार काप. दोन भागांच्या मध्ये शिशाची अरुंद पट्टी घाल, दोन्ही टोकांना कथलाचा डाख दे. शिशाची दोरी. ती कोणाच्या बापाला पुसता येणार नाही.”

“मी कापू? जुनी काच?” आईने तिला जुन्या काचेवर काच कापायचा हिरा कधी चालवू दिला नव्हता. कोऱ्या काचेच्या कपच्यांवरसुद्धा चुळबुळीची रेघ वाट चुकलेल्या मुंगीसारखी जाई. “माझी फुटते नेहमी. माहितीये ना तुला!”

“माहितीये. दुसरं कोण आहे इथे? पाळकसाहेब?”

खालून पाळकसाहेब डोळे न उघडता म्हणाले, “मला नका सांगू बाई, मला बल्बसुद्धा बदलता येत नाही.”

“एकदाच ओढायची,” आई म्हणाली. “मध्ये थांबायचं नाही, मागे फिरवायचं नाही, त्याच रेघेवरून परत जायचं नाही. हिरा कुरकुरला पाहिजे. गप्प बसला म्हणजे जोर कमी. आणि श्वास रोखू नकोस, त्याने हात जास्त थरथरतो. पळ. अगं, बघत काय उभी राहिलीस, पळ!”

परतताना देवदूताच्या उड्या सुधारल्या होत्या. गच्चीवरून गच्चीवर जाताना चुळबुळी त्याच्या कानात ओरडली, “दुखेल का तुम्हाला?”

“ठाऊक नाही. मागचा हात फुटला तेव्हा तो फुटला, कोणी कापला नव्हता.”

“म्हणजे दुखेल.”

“तू काप. पण एक ऐकून ठेव. मी काचेत गेलो की मला बोलता येत नाही. थांब म्हणता येणार नाही, आणि चांगलं चाललंय असंही सांगता येणार नाही.”

कार्यशाळेचं दार उघडंच होतं. वाऱ्याने आत येऊन कपच्यांचे खोके पालथे घातले होते, पण टेबलावरचं तावदान शिशाच्या वजनाने जागच्या जागी होतं. देवदूत आडवा झाला. निळा, मध, मग चेहरा. डोळे सगळ्यांत शेवटी काचेत आले आणि तिच्यावर स्थिरावले.

तिने सोल्डरिंग गन तापायला लावली. शिशाच्या कडा उचकटून हाताचा तुकडा सोडवला, टेबलावर कापड पसरून त्यावर ठेवला. हिरा हातात घेतला. हात लटपटत होता. तिने तो मांडीला पुसला, परत उचलला, तरी लटपटत होता. उजवा पाय तर शिवणयंत्र चालवावं तसा खालीवर होत होता. तिने पायाला दटावलं. पाय थांबला, तर थरथर वर खांद्यात आली. मग तिने पाय मोकळा सोडला. हलतोय तर हलू दे. सगळी चुळबुळ टेबलाखाली गेली आणि वर हात तेवढा उरला.

हिरा मुठीच्या कडेला टेकवून तिने ओढला. कुरकुर. करंगळीखालून, तळव्यातून, मधल्या बोटाच्या पेरावरून. बाहेर काहीतरी मोठं कोसळलं, झाड असावं, ती थांबली नाही. कुरकुर. अंगठ्याजवळ हिरा किंचित घसरला, तिने मागे फिरवला नाही, तसाच कडेबाहेर काढला. मग तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून खाली वाकवला.

टक्.

रेघेबरहुकूम फुटला. फक्त अंगठ्याचं टोक, नखाएवढं, वेगळं होऊन कापडावर पडलं.

तिने चेहऱ्याकडे पाहिलं. काचेतल्या डोळ्यांत पाणी होतं की दिव्याची चमक, ते तिला कळलं नाही. तिने कडा दगडावर घासल्या, मध्ये पट्टी बसायला जागा केली, अरुंद पट्टी मापाने कापली. दोन्ही भाग तिच्यात सरकवले आणि सगळं तावदानात दाबलं. अंगठ्याच्या टोकाच्या जागी शिशाचा एक ठिपका भरला. एका टोकाला डाख. धूर डोळ्यांत गेला. दुसऱ्या टोकाला डाख. कथील चमकलं, पसरलं, मंद झालं.

मुठीतून बाहेर, तावदानाच्या कडेपर्यंत, एक काळी दोरी गेली होती.

वारा एकदम गेला नाही. आधी खिडकीची झडप हलायची थांबली. मग रस्त्यावरच्या तारा. मग दूरवर कुठेतरी, हिसका बसून ओढल्यासारखा एक लांब आवाज झाला, नदीकडून गावाकडे येत गेला आणि छपरावरून टेबलापर्यंत येऊन त्या मुठीत संपला. काळी दोरी ताणली गेली. ती सुटली नाही.

एवढ्या शांततेची चुळबुळीला सवय नव्हती. तिला स्वतःचा पाय ऐकू येत होता. तो अजून हलतच होता.

“झालं,” ती देवदूताला म्हणाली. त्याला उत्तर देता येत नाही हे ती विसरली होती. “अंगठ्याचं सॉरी.” आणि ती पुलाकडे पळाली.

संध्याकाळी सहापर्यंत हाती आलेली माहिती अशी आहे.

तिसरा देवदूत जागेवर पक्का झाला. आई परांचीवरून उतरली तेव्हा तिचा उजवा खांदा वर होत नव्हता. तशीच ती पुलावर आली. पाळकसाहेब तिच्याबरोबर आले. गावात पत्रे, फाटकं, दोन झाडं आणि बरेच शर्ट गेले. माणूस कोणी दगावलेलं नाही, निदान आत्तापर्यंत तसं कळलेलं नाही.

पाळणा वर ओढून घेतला आहे. तो रिकामा होता.

मुकादमाने सुरक्षेचा पट्टा आईच्या हातात दिला. तो पाळण्याच्या कठड्याला अडकलेला सापडला. आईने तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, काच बघते तसा. पट्टा कुठेही तुटलेला नाही. कडी उघडी आहे.

“ही कडी ओढून निघते का?” तिने विचारलं.

“नाही बाई. दाबून फिरवावी लागते. हातानेच.”

“मग त्यानेच काढली?”

“त्याचे दोन्ही हात तर दोराला होते. मी स्वतः बघत होतो. मग एक असा झोत आला, की मला डोळे उघडेनात. उघडले तेव्हा...” मुकादमाने हेल्मेट काढलं आणि परत घातलं. “होडी सोडलीय खाली. अजून काही मिळालं नाही. मिळालं नाही ते चांगलंच म्हणायचं.”

चुळबुळी कठड्यापासून कठड्यापर्यंत फेऱ्या मारत होती. एरवी आई ओरडली असती. आज ओरडली नाही.

सहाच्या थोडं आधी मुकादमाचा फोन वाजला. पलीकडच्या काठावर रोपवाटिका आहे, तिथल्या बाईंचा होता. मुकादमाने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“तुमचा माणूस हरवलाय म्हणताहेत, तो नारिंगी जाकीटवाला का?” बाई विचारत होत्या. “मी पाहिला. चिखलातून वर येताना. लंगडत होता. मी हाक मारली, पण त्या वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना. दोघंही बांधाच्या झाडांमागे गेले.”

“दोघंही?” मुकादम म्हणाला. “दुसरा कोण?”

“ते मला काय माहीत! उंच होता. तुमच्याच माणसाला दंडाला धरून चालला होता. मला नवल वाटलं, कारण माझी झाडं आडवी होत होती आणि ती दोघं कशी सरळ चालली होती.”

“वारा चालू असताना?” चुळबुळीने फोनकडे तोंड करून विचारलं.

“चालू म्हणजे काय, सगळ्यांत जास्त होता तेव्हा!”

चुळबुळी आईकडे वळली. वारा सगळ्यांत जास्त होता तेव्हा चौथा देवदूत तिच्यासमोर टेबलावर होता. तिसऱ्याला आईचा खांदा लागलेला होता. पहिले दोघं पाळकसाहेबांच्या डोक्यावर, आपापल्या कोपऱ्यांत.

“तुमचं दुसरं कोणी होतं का खाली?” आईने मुकादमाला विचारलं.

“कोणी नाही. पाळण्यात तो एकटाच.”

तपासणी होईपर्यंत पुलावरून पलीकडे पायीही कोणाला सोडत नाहीत, म्हणून माणसं वरच्या धरणाजवळून वळसा घालून मोटारीने पाठवली आहेत. चुळबुळीला त्यांच्याबरोबर जायचं होतं, तिला घेतलं नाही. रोपवाटिकेतल्या बाई कंदील घेऊन बांधाकडे गेल्या आहेत आणि त्यांचा फोन आता लागत नाही. मोटार अजून पलीकडच्या काठावर पोचलेली नाही.